स्वस्त वस्तूची उरलेली किंमत

गेल्या वर्षी आमच्या घरी भाचीचे लग्न निघाले आणि मानपानाच्या साड्या आणण्याचे काम रिवाजाप्रमाणे माझ्याकडे आले. या कामात मी चांगली मुरलेली आहे. सारा जन्म इंदुरात गेला. राजवाड्याभोवतीच्या बाजारात कोणत्या गल्लीत काय मिळते, कोठे किती घासाघीस चालते, हे मला पाठ आहे. या खेपेस मात्र मी मनाशी एक ठरवले होते. द्यायच्या त्या साड्या हातमागाच्याच द्यायच्या. कृत्रिम धाग्याच्या, दोन धुण्यांत रया जाणाऱ्या साड्या आजवर पुष्कळ देऊन-घेऊन झाल्या होत्या. विणणाऱ्याच्या हाती चार पैसे पडावेत आणि आपल्या हातूनही पृथ्वीवर थोडा कमी भार पडावा, अशी साधी इच्छा होती.

एका मोठ्या दुकानात मला हव्या तशा साड्या मिळाल्या. प्रत्येक साडीला एक सुरेख चिठ्ठी बांधलेली होती. चिठ्ठीवर हिरवे पान छापलेले आणि त्याखाली लिहिलेले : ‘पर्यावरणस्नेही हातमाग’. भाव माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी होता. इतका कमी का, असा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. स्वस्ताईचा आनंद माणसाला फार प्रश्न विचारू देत नाही. मी पाच साड्या घेतल्या आणि एक स्वतःसाठी ठेवली.

लग्न पार पडल्यावर नर्मदामाईची ओटी भरण्यासाठी आम्ही महेश्वरला गेलो. इंदूरपासून सुमारे ९० किलोमीटरवरचे हे गाव. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या आपल्या कारभाराच्या काळात ते राजधानीचे ठिकाण केले आणि बाहेरून विणकर आणून तेथे वसवले, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहेच. घाटावरून परतताना एका घरातून मागाचा खटखट आवाज आला, म्हणून मी आत डोकावले. मागावर एक मध्यम वयाची बाई बसली होती. तिने मला बसायला दिले, पाणी दिले. मी मोठ्या कौतुकाने अंगावरच्या साडीचा पदर तिच्यापुढे धरला आणि म्हटले, “हीही तुमच्यासारख्यांनीच विणलेली.”

तिने पदर बोटांत घेतला, काठ उलटून पाहिला आणि हसली. “माँजी, ही मागावरची नव्हे, यंत्रावरची आहे. आमचा काठ दोन्ही अंगांनी सारखा दिसतो. तुमच्या काठाच्या मागे बघा, तुटके धागे लोंबताहेत.”

मी पाहिले. धागे लोंबत होते.

श्रोते हो, येथवरच्या हकिकतीत मी फसवली गेलेली आहे आणि दोष दुसऱ्याचा आहे. परंतु पुढे जे घडले, त्यात दोष माझाच आहे आणि तो सांगितल्यावाचून आजचे बोलणे पुरे होणार नाही. तिच्याकडे विणून तयार असलेली एक राखी रंगाची साडी मला आवडली. तिने तीन हजार सांगितले. मी सवयीने तीनशे कमी करायला सांगितले. ती रागावली नाही. बोटांवर हिशेब करून म्हणाली, “माँजी, तीनशे म्हणजे माझा एक दिवस. या साडीला नुसते विणायला पाच दिवस लागले. यातला कोणता दिवस सोडू, तेवढे सांगा.”

मी ओशाळले. त्या मोठ्या दुकानात ‘एकच भाव’ अशी पाटी होती आणि तेथे मी एक पैसाही कमी करायला सांगितला नव्हता. जेथे मला फसवले गेले, तेथे मी मुकाट्याने पैसे मोजले आणि जेथे खरी वस्तू खऱ्या किमतीला मिळत होती, तेथे एका बाईचा एक दिवस फुकट मागितला. ती एकटी नव्हे. २०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार आपल्या देशात विणकर आणि त्यांना साहाय्य करणारे मिळून ३५ लाखांहून अधिक लोक या धंद्यात आहेत. त्यांत बहुसंख्य स्त्रियाच आहेत आणि विणकरांच्या सुमारे दोन-तृतीयांश घरांचे उत्पन्न महिन्याला पाच हजार रुपयांहूनही कमी होते. आपण मागत असलेली सूट कोणाच्या घरातून येते, हे या आकड्यांवरून दिसेल.

वस्तू स्वस्त मिळते, तेव्हा तिची उरलेली किंमत नाहीशी होत नाही. ती दुसरा कोणीतरी भरत असतो. कधी विणणारा भरतो, कधी रंगाचे पाणी पोटात घेणारी नदी भरते, तर कधी कचऱ्याच्या ढिगाशेजारी राहणारी माणसे भरतात. खरेदीला निघालेल्या माणसाने या उरलेल्या किमतीची चौकशी करावी, एवढेच मला आज सांगायचे आहे.

हा विचार परदेशांतून आला, असा पुष्कळांचा समज आहे. तिकडे त्याला ‘फेअर ट्रेड’, म्हणजे न्याय्य व्यापार, असे नाव आहे. १९८८ मध्ये हॉलंडमध्ये ‘मॅक्स हॅवेलार’ या नावाची एक खूण निघाली. ज्या कॉफीवर ती खूण, त्या कॉफीच्या उत्पादकाला योग्य दाम मिळाला, असे ग्राहकाने समजावे. जावा बेटातील शेतकऱ्यांची डच राजवटीत कशी पिळवणूक होत होती, हे सांगणारी त्याच नावाची कादंबरी १८६० मध्ये प्रसिद्ध झाली होती. तिच्यावरून हे नाव घेतले. पुढे अशा निरनिराळ्या खुणा एकत्र आल्या आणि आज आपल्याकडचा चहा आणि कापूसही या न्याय्य व्यापाराच्या चिन्हाखाली परदेशांत विकला जातो. बाजार कोसळला तरी अमुक भावाच्या खाली उतरायचे नाही आणि वर गावाच्या कामासाठी काही जादा रक्कम द्यायची, असा या व्यवहाराचा सर्वसाधारण नियम आहे.

नियम चांगला आहे. परंतु हाच प्रश्न आपल्या घरी त्याच्या अर्धशतक आधी उपस्थित झाला होता. १९२५ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय चरखा संघ स्थापन केला. खादी खपावी म्हणून ती होईल तितकी स्वस्त करण्याची प्रारंभी खटपट होती. ती स्वस्त करता करता सूत कातणाऱ्या बायांच्या पदरी दिवसाकाठी केवळ काही पैसे पडू लागले. १९३५ मध्ये गांधीजींनी हा व्यवहार उलटा फिरवला. आठ तास नीट कातणाऱ्या बाईला निदान पुरेसे अन्न आणि अंगाला लागणारे वस्त्र मिळेल, इतकी मजुरी दिलीच पाहिजे, असा ठराव संघाने केला. खादी महाग होणार आणि गिऱ्हाईक तुटणार, ही भीती कार्यकर्त्यांनी बोलून दाखवली. ती खोटी नव्हती. तरीही ठराव झाला. गरिबांच्या नावाने विकायची वस्तू गरिबांच्याच पोटावर मारून स्वस्त करायची नाही, हे तत्त्व त्या दिवशी मान्य झाले.

त्याच सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योगांचे काम पाहत होते. ते याहूनही एक पाऊल पुढे गेले. वस्तू विकत घेणारा माणूस ती ज्या रीतीने तयार झाली, त्या रीतीचा भागीदार होतो, असे ते मांडत. चोरीचा माल जाणून-बुजून घेणाऱ्याला आपण निर्दोष म्हणत नाही. पिळवणुकीचा माल न विचारता घेणाराही मग पुरता निर्दोष कसा ठरेल?

आता आपण म्हणाल, बाई, विचारायचे म्हणता, पण विचारायचे काय? दुकानदार तर प्रत्येक प्रश्नाला हसून होय म्हणतो. मी आता तीन प्रश्न ठेवले आहेत. ही वस्तू कशाची केली? कोणी केली आणि त्याला काय मिळाले? आणि वापरून झाल्यावर हिचे काय होणार? बाजारात ज्या खुणा आणि शिक्के मिळतात, त्यांतील प्रत्येक शिक्का बहुधा या तिहींपैकी एकाच प्रश्नाचे उत्तर देतो. आपण मात्र एक शिक्का पाहिला, की तिन्ही उत्तरे मिळाली असे समजतो. घोटाळा होतो तो येथेच.

उदाहरणे देते. २००६ मध्ये सरकारने ‘हँडलूम मार्क’ सुरू केला. कापड हाताने विणलेले आहे, एवढे तो सांगतो. सूत गिरणीचे असू शकते, रंग रासायनिक असू शकतो. ‘खादी मार्क’ २०१३ च्या नियमांनी आला. त्यात सूतही हाताने कातलेले आणि कापडही हाताने विणलेले असावे लागते. खादी आणि हातमाग हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, ते बरोबर नाही. या दोन्ही खुणा वस्तू कशी झाली ते सांगतात. नदीचे काय झाले, याची हमी त्या देत नाहीत.

नदीसाठी दुसरी खूण आहे. १९९१ मध्ये केंद्र सरकारने ‘इकोमार्क’ काढला. मातीचा घडा हे त्याचे चिन्ह. साबण, कागद, रंग, कापड अशा नित्याच्या मालापैकी पर्यावरणाची हानी तुलनेने कमी करणाऱ्या मालाला तो मिळावा, अशी योजना होती. कल्पना आपल्या मातीतली होती, पण फारच थोड्या कारखानदारांनी तो शिक्का घेतला आणि आपल्यातील कित्येकांनी तो कधी पाहिलाही नाही. २०२४ मध्ये त्याचे नवे नियम झाले आहेत. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आणखी एक उपयुक्त गोष्ट केली. ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ असले मोघम शब्द मालावर छापायचे असतील, तर त्यांना पुरावा आणि खुलासा जोडला पाहिजे, असे मार्गदर्शक नियम त्याने काढले. माझ्या साडीवरच्या हिरव्या पानाला अशा कशाचाही आधार नव्हता. आपल्याला असे पान दिसले, तर ते कोणी दिले आणि कशासाठी दिले, हे विचारण्याचा आपल्याला पुरा अधिकार आहे.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे वापरून झालेल्या वस्तूकडे वळू. प्लास्टिकच्या डब्याच्या बुडाशी बाणांचा एक त्रिकोण असतो आणि त्यात एक ते सात यांपैकी एखादा आकडा असतो. ती वस्तू पुनर्निर्मित मालाची आहे, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नव्हे. प्लास्टिक कोणत्या जातीचे आहे, एवढेच तो आकडा सांगतो. त्या जातीचे प्लास्टिक आपल्या गावात कोणी पुन्हा वितळवून वापरतो की नाही, हा वेगळाच प्रश्न आहे. तसेच बाटल्यांपासून केलेल्या कापडाचे. पाण्याच्या बाटल्या वितळवून धागा काढतात आणि त्याचे सदरे शिवतात. बाटली गटारात जाण्यापेक्षा हे केव्हाही बरे. परंतु बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. तिचा सदरा झाला, की बहुधा तेथून पुढे वाट नसते आणि प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक तंतू पाण्यात जातच राहतात.

आणि कापडी पिशवी? ती तर निर्दोष असणार! २०१८ मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने याचा हिशेब केला. केवळ हवामानावरील परिणाम मोजला, तरी साधी सुती पिशवी निदान ५२ वेळा वापरावी लागते, तेव्हा ती प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. कापसाला लागणारे पाणी, खते असा सर्वच हिशेब धरला, तर हा आकडा हजारांवर जातो. म्हणून प्लास्टिकची पिशवी चांगली, असा अर्थ कृपा करून काढू नका. आपल्याकडे ती नाल्यांत तुंबते आणि गाईंच्या पोटात जाते. १२० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर २०२२ च्या अखेरीपासून बंदी आली, ती उगीच नव्हे. अर्थ एवढाच, की प्रत्येक समारंभात फुकट मिळणाऱ्या नव्या कापडी पिशव्या कपाटात साठवल्याने पृथ्वीचे काही भले होत नाही. जुन्या धोतराची शिवलेली एकच पिशवी दहा वर्षे बाजारात नेणारी आपली आजी याबाबतीत आपल्याहून पुष्कळ पुढे होती.

आजीचा विषय निघाला, म्हणून सांगते. आपल्या घरांत वस्तूला एवढ्या लवकर मरण नव्हते. लुगडे विरले की त्याची गोधडी होई, गोधडी विरली की पायपुसणे होई. उरलेल्या कपड्यांवर बोहारणीकडून भांडे मिळे. रद्दीवाला कागद नेई, कल्हईवाला जुनी भांडी पुन्हा वापरात आणी, पिंजारी गादीचा जुना कापूस पिंजून परत भरून देई. यांपैकी कित्येक माणसे आता दारावर येईनाशी झाली. आमच्या इंदूरने २०१७ पासून वर्षांमागून वर्षे स्वच्छतेत पहिला मान मिळवला. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करण्याची सवय शहराला लागली, याचा मला अभिमान आहे. २०२२ मध्ये येथे ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू करण्याचा मोठा कारखानाही सुरू झाला. पण कचरा नीट वेगळा करणे हे दुसरे काम झाले. तो मुळात घरात कमी आणणे, हे पहिले काम. ते कोणतीही नगरपालिका आपल्यासाठी करू शकणार नाही. ते पिशवी घेऊन बाहेर पडणाऱ्यानेच करायचे आहे.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. महिन्याच्या पगारात कसेबसे भागवणाऱ्या कुटुंबाने तीन हजारांची साडी घ्यावी, असे मी सांगते काय? मुळीच नाही. ज्याच्या हाती मोजके पैसे आहेत, तो वस्तू झिजेपर्यंत वापरतो, डागडुजी करतो, दुसऱ्याने दिलेली आनंदाने घेतो. ‘पर्यावरणस्नेही’ हा शब्द त्याने कधी ऐकला नसला, तरी तो सर्वांत कमी भार टाकतो. हा प्रश्न आपल्यासारख्यांचा आहे. आपण एका समारंभाला पाच स्वस्त साड्या घेतो, त्यांतील तीन कोणी नेसत नाही आणि पुढच्या समारंभात त्याच दुसऱ्याला देतो. पाचांऐवजी दोन घेतल्या, तर खर्च तेवढाच होईल आणि त्या दोन खऱ्या घेता येतील. माणसे नाराज होतील म्हणाल, तर थोडी होतील. आमच्याकडेही होतील. परंतु मानपान हा शेवटी आपणच घातलेला नियम आहे. तो आपणच थोडा सैल करू शकतो.

विणणाऱ्याशी शक्य तितका सरळ संबंध ठेवणे, हाही एक मार्ग आहे. महेश्वरचा धंदा बुडत चालला असताना १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील मंडळींनी ‘रेहवा’ नावाची संस्था काढली आणि विणकर बायांना मागावर पुन्हा उभे केले. सहकारी संस्था, सरकारी विक्रीकेंद्रे आणि प्रदर्शने सर्वत्र आहेत. आपल्या गावाजवळ कोण विणतो, कोण मडकी घडवतो, कोण बांबूच्या टोपल्या करतो, याचा नुसता शोध घेतला, तरी पुष्कळ काही मिळेल. आणि तेथे गेल्यावर, माझ्यासारखी चूक करू नका. विक्रेत्याचा भाव वाजवी आहे की नाही, हे जरूर पाहा. पण ज्याच्या हातांनी वस्तू घडली, तोच समोर बसला असेल, तर सूट मागण्यापूर्वी त्याला किती दिवस लागले, ते विचारा. उत्तर ऐकल्यावर बहुधा सूट मागवणार नाही.

मी त्या बाईला तीन हजार दिले आणि ती राखी साडी घेतली. तिने घडी घालताना काठ उलटून दाखवला. दोन्ही अंगांनी सारखा.

यंत्रावरची ती दुसरी साडी मी टाकलेली नाही. टाकली असती, तर चुकीत आणखी एका चुकीची भर पडली असती. मी ती घरात नेसते. विरली, की तिची गोधडी शिवेन. सून विचारते, की काठामागचे ते लोंबते धागे कापून का टाकत नाही. मी म्हणते, राहू दे. पुन्हा बाजारात निघाले, की ते मला दिसलेले बरे.